एकोणीस हजर

"ह्या तेरा पाट्या आधी उचला," मी मदने गुरुजींना म्हणालो.

"उचलू नका म्हणून मॅडमनी सांगितलंय, सर."

"काय सांगितलंय ते मला माहीत आहे. मलाही फोन आला होता."

बुधवारची दुपार होती. खिंडवस्तीची शाळा म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं चिंचेचं झाड आणि मागं उघडा माळ. आत बस्करपट्ट्यांवर सहा पोरं बसली होती आणि बाकीच्या तेरा जागांवर एकेक पाटी ठेवलेली होती. पाटीवर खडूनं नाव आणि इयत्ता. 'मंजुळा कोळेकर, तिसरी.' 'बिरू कोळेकर, पहिली.' भिंतीवर हातानं काढलेला एक मोठा नकाशा होता, आमच्या तालुक्यापासून थेट कोकणापर्यंतचा, आणि त्याच्यावर तेरा टिकल्या चिकटवलेल्या होत्या. बायका कपाळाला लावतात त्याच. मदने गुरुजींनी बायकोच्या पाकिटातून उचलून आणलेल्या. एक टिकली म्हणजे एक पोर. दिवाळी झाली की वस्तीवरची माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची ती पावसाच्या तोंडावर परत यायची. तळ जसा पुढं हलेल तशी दर शनिवारी टिकली सरकायची.

मी आंबेखिंडच्या शाळेचा मुख्याध्यापक. खिंडवस्ती माझ्या शाळेपासून दोन किलोमीटर. शिवाय केंद्रप्रमुखाची जागा रिकामी असल्यामुळं त्या पदाचा कार्यभार माझ्याकडं होता. कार्यभार म्हणजे आसपासच्या नऊ शाळांचं सगळं काम आपण करायचं आणि पद मात्र आपलं नाही. जूनमध्ये पदोन्नतीची यादी निघणार होती. तीत माझं नाव चौथं होतं आणि जागा सहा होत्या. हे मी दिवसातून एकदा तरी मनात मोजून बघत असे.

आणि मॅडम म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षणाधिकारी, निर्मला होवाळ. स्वतः नऊ वर्षं वस्तीवरच्या शाळेत शिकवून, मग परीक्षा देऊन वर गेलेल्या. त्यांच्याआधी मी पाच साहेब बघितले होते. पाचही जणांना हजेरीपटावर शंभर टक्के लागायचे, आणि आम्ही ते द्यायचो. ह्या बाईंनी आल्या आल्या पहिल्याच बैठकीत सांगितलं, "जे मूल वर्गात नाही, ते हजर मांडायचं नाही. आकडा पडला तर मी उत्तर देईन." आकडा पडला. आमचा जिल्हा उपस्थितीत शेवटून दुसरा आला आणि वर्तमानपत्रवाल्यांनी बाईंचा फोटो छापून खाली नको ते लिहिलं. बाई ढिम्म. गैरहजर पोरं कुठं जातात ह्याचा त्यांनी तालुकावार शोध घेतला आणि मेंढरांमागं जाणाऱ्या पोरांसाठी फिरती शाळा काढली. डी. एड. झालेली बारा तरुण पोरं निवडली. ती तळाबरोबर चालायची, तळ पडला की झाडाखाली फळा टांगायची, आणि शनिवारी मोबाइलवरून हजेरी कळवायची.

मी पहिल्यांदा हसलो होतो, खोटं कशाला बोलू. मग एका शनिवारी मॅडमच्या दालनात बैठक चालू असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी सगळ्यांना हातानं थांबवलं आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला. रोह्याजवळच्या कुठल्याशा शेतातून एक पोरगी अडखळत, एकेक अक्षर लावत वाचत होती. मागं मेंढरं ओरडत होती. सात-आठ ओळी वाचायला तिला चार मिनिटं लागली असतील. आम्ही चाळीस माणसं ऐकत होतो.

"ही मंजुळा," मॅडम म्हणाल्या. "जूनमध्ये हिला अक्षर येत नव्हतं. आता ही दर शनिवारी मला वाचून दाखवते."

त्या दिवसापासून मी त्या बाईंना मानत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसायचा नाही.

तर अशा ह्या मॅडमच्या नेतृत्वाचं मूल्यमापन करायला गुरुवारी विभागातून समिती येणार होती. शंभर गुणांचा तक्ता होता आणि त्यातले चाळीस गुण प्रत्यक्ष शाळाभेटीला. फिरत्या शाळेची मंजुरी मे महिन्यात संपत होती. समितीनं चांगला शेरा दिला तर ती पुढं चालणार, नाहीतर बंद. मॅडम चोपन्न वर्षांच्या होत्या. शेरा वाईट आला तर त्यांचं काय होणार हे खात्यातला शिपाईसुद्धा सांगू शकला असता.

मंगळवारी संध्याकाळी त्यांचा मला फोन आला होता.

"काशीद, गुरुवारी समिती खिंडवस्तीला येतेय. शाळा मीच सुचवलीय."

"खिंडवस्ती? मॅडम, तिथं सहा पोरं आहेत. माझी शाळा दाखवा की. एकशे बेचाळीसचा पट आहे, परसबाग आहे, लेझीम पथक..."

"तुमची शाळा चांगलीच आहे. पण मला रिकामा वर्ग दाखवायचाय. वर्ग रिकामा आहे आणि तरी मुलं शिकतायत, हेच तर माझं काम आहे. तिथून फोन लावून मी मुलांना वाचायला लावेन. तुम्ही वर्गाला हात लावू नका."

"बरं, मॅडम."

इतकं स्पष्ट बोलणं झालं होतं. माझ्या मनात कसलाही घोळ नव्हता.

पण मी माझ्या नोकरीत अकरा समित्या बघितल्या होत्या. समितीतली माणसं जीपमधून उतरतात, नारळपाणी पितात, डोकी मोजतात आणि जातात. नकाशा कोण वाचतो? टिकल्यांकडं बघून कोण चाळीस गुण देतो? मला दिसत होतं की ही भली बाई आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेय आणि तिला वाचवायचं असेल तर ते मीच करायला हवं. शिवाय खिंडवस्ती माझ्या केंद्रातली. तिथं वाईट शेरा आला तर जूनच्या यादीत माझं काय? ह्या दोन विचारांतला कुठला आधी आला ते आज सांगता येत नाही. तेव्हा मात्र मी स्वतःला पहिलाच सांगितला.

"उद्या साडेनऊला माझी तेरा पोरं इथं येतील," मी मदने गुरुजींना म्हणालो. "गणवेश सारखाच आहे. नावं मी पाठ करून घेतो. तुम्ही फक्त हजेरीवर एकोणीस हजर मांडा."

मदने सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, नोकरीला लागून तीन वर्षं झालेला माणूस. त्याचं तोंड उतरलं. "सर, ही पोरं खरंच शिकत्यात हो. खोटं कशाला करायचं? फोन लावला की वाचतील ती."

"आणि फोन लागला नाही तर? डोंगरात रेंज नसली तर?"

त्यानं भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं.

"उद्या सही करा, मदने. जबाबदारी माझी," मी म्हणालो.

पाट्या मी स्वतः गोळा केल्या आणि कपाटात रचल्या. नकाशावर एक 'स्वच्छ शाळा, सुंदर शाळा' असा फलक टांगला. तो बरोबर बसला, एकही टिकली दिसत नव्हती.

गुरुवारी सकाळी माझ्या शाळेतली तेरा हुशार पोरं निवडून मी रांगेत उभी केली आणि प्रत्येकाला एकेक नाव दिलं. निघण्याआधी हालचाल रजिस्टरात नोंद केली. कुणी कुठं आणि का गेलं ते त्यात लिहावं लागतं. त्या 'का'च्या रकान्यात आमच्या खात्यात एक ठरलेली ओळ असते: 'वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार.' बँकेत गेलो, तालुक्याला गेलो, सासुरवाडीला जाऊन आलो तरी तीच ओळ. ती लिहिली की पुढं कुणी काही विचारत नाही. मी ती लिहिली आणि निघालो.

वाटेत चौथीतली श्रावणी माझ्या बाजूनं चालत होती. माझ्या शाळेत तिच्यासारखं वाचणारं दुसरं पोर नव्हतं.

"सर, मंजुळा कोण आहे?" तिनं विचारलं.

"तू. दुपारपर्यंत."

"आणि खरी मंजुळा कुठाय?"

"ती गैरहजर आहे," मी म्हणालो.

समितीच्या दोन जीप सव्वाअकराला आल्या. समितीचे अध्यक्ष कारखानीस साहेब, निवृत्त उपसंचालक, पांढरे केस, हातात कापडी पिशवी. नारळपाणी त्यांनी नको म्हटलं, तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं. त्यांच्यामागून मॅडम उतरल्या. त्या दिवशी त्या हसऱ्या दिसत होत्या. दारातून आत पाऊल टाकलं आणि त्या थांबल्या. एकोणीस पोरं हात जोडून उभी राहिली, "एक साथ नमस्ते!" मॅडमनी आधी पोरांकडं बघितलं, मग भिंतीकडं, मग माझ्याकडं. मी नजर हजेरीपटावर ठेवली.

कारखानीस साहेब खुर्चीवर न बसता पोरांमध्ये खाली बस्करपट्टीवर बसले. हजेरीपट मागवला आणि बोट फिरवत एक नाव वाचलं.

"मंजुळा कोळेकर?"

श्रावणी उठली. साहेबांनी पुस्तक दिलं, मधलंच पान काढून. पोरीनं ते न थांबता घडाघडा वाचून काढलं, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हांसकट. दुसऱ्या दोन सदस्यांनी एकमेकांकडं बघून माना डोलवल्या. मला वाटलं, जिंकलो.

मॅडम दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. दर शनिवारी त्यांनी मंजुळाचा आवाज ऐकला होता. तो अडखळणारा, अक्षर लावणारा आवाज ह्या पोरीच्या गळ्यात नव्हता. फोन लावायला हातात घेतलेला मोबाइल त्यांनी परत पर्समध्ये ठेवला.

"छान," साहेब म्हणाले. बस्करपट्टीच्या धुळीनं भरलेली बोटं झटकली. "बाळ, मला हात धुवायचेत. तुम्ही पाणी कुठं घेता?"

श्रावणी गोंधळली. तिनं माझ्याकडं बघितलं. मग अगदी सरळपणानं विचारलं, "आमच्या शाळेत का ह्या शाळेत?"

वस्तीवरच्या सहा खऱ्या पोरांपैकी एकानं फस्सकन हसू दाबलं, तेवढाच आवाज झाला.

साहेब उठले. भिंतीपाशी गेले, फलक बाजूला केला आणि नकाशाकडं बराच वेळ बघत राहिले. एका टिकलीवर बोट ठेवून त्यांनी तिच्याखालचं नाव वाचलं. मग वळून म्हणाले, "मॅडम, तुमचा फिरत्या शाळेचा अहवाल मी दोनदा वाचून आलोय. मला इथं रिकामा वर्गच बघायचा होता. तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी रिकामा वर्ग दाखवला नव्हता."

साहेबांनी पोरांकडं हात केला.

"ही मुलं कुणी आणली?"

"मला माहीत नाही, सर."

"तुमच्या जिल्ह्यातली शाळा आहे," ते हळूच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी आंबेखिंडला, माझ्याच ऑफिसात, आमचे लेखी जबाब घेतले. मदनेनं एका ओळीत लिहिलं: 'प्रभारी केंद्रप्रमुखांच्या सांगण्यावरून मी हजेरी मांडली.' मी वाचलं ते. खरंच होतं, रागावण्यासारखं काही नव्हतं. मग माझ्यापुढं कागद आला. मीही चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. समिती गेली. त्यांच्यामागून मॅडमही गेल्या.

शनिवारी त्यांनी मला जिल्ह्याला बोलावून घेतलं. दालनात एकट्याच होत्या. टेबलावर माझ्या जबाबाची प्रत होती.

"बसा, काशीद," त्या म्हणाल्या. "फोनवर मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"वर्गाला हात लावू नका म्हणून."

"मग हे काय लिहिलंत?" त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. दुसऱ्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. माझंच अक्षर, चांगलं वळणदार. 'सदर विद्यार्थी वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार खिंडवस्ती शाळेत नेण्यात आले.'

मी ती ओळ दोनदा वाचली.

"तालुक्याला सध्या गटशिक्षणाधिकारी नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमचं काम थेट मी बघते. मग तुमचे वरिष्ठ कोण?"

"मॅडम, ते... सवयीनं लिहिलं गेलं. सगळेच लिहितात तसं. माझ्या मनात तुमच्याबद्दल काहीही..."

"माहीत आहे मला." त्या थोड्या हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मीही शिक्षिका असताना लिहिलंय. शंभरदा लिहिलं असेल."

त्या पाणी प्याल्या आणि मग शिकवल्यासारखं सावकाश सांगू लागल्या. "हे बघा. आज चार वाजेपर्यंत मला खुलासा पाठवायचाय. मी असं म्हटलं की मी सूचना दिलीच नव्हती, तर तो नुसता माझा शब्द, आणि कागदावर तुमचा. चौकशी लागेल. ती वर्षभर चालेल आणि पहिला निलंबित होईल मदने. खोट्या हजेरीवर सही त्याची आहे. त्याला नोकरीतून काढतीलसुद्धा. आणि चौकशी चालू असलेल्या बाईची योजना कुणी पुढं चालवत नाही."

"मग काय करायचं, मॅडम?"

"ते मी कसं सांगू? मी सांगितलं तर ती पुन्हा तोंडी सूचनाच झाली." त्यांनी खणातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. "खरं काय ते तुम्ही आपण होऊन लिहून दिलंत तर मदने वाचेल. फिरती शाळा वाचेल. तुमचं नुकसान होईल, ते मी लपवत नाही. जूनच्या यादीतून नाव जाईल, कदाचित वेतनवाढ थांबेल. कारखानीस साहेब सज्जन आहेत, ते समजून घेतील. मी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना भेटून येते. अर्धा तास लागेल."

त्या गेल्या. मी पेन उचललं. 'प्रति' लिहिलं, 'विषय' लिहिला, 'संदर्भ' लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथपर्यंत हात आपोआप चालला. पुढची ओळ 'मी' ह्या शब्दानं सुरू करायची होती. तेवीस वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही सरकारी कागदावर 'मी केलं' असं लिहिलेलं नव्हतं. करण्यात आले, नेण्यात आले, मांडण्यात आले. माझा हात तिथंच अडला.

तेवढ्यात टेबलावर फोन वाजला. मॅडम आपला मोबाइल विसरून गेल्या होत्या. वाजून वाजून बंद पडला आणि पुन्हा वाजायला लागला. शेवटी मी उचलला.

"म्याडम, वाचू का?" पलीकडून पोरीचा आवाज आला.

शनिवार होता. माझ्या लक्षातच नव्हतं.

"मॅडम बाहेर गेल्यात," मी म्हणालो.

"तुमी कोण?"

"मी... ऑफिसातला आहे."

"मग तुमी ऐका. आज पुस्तकातलं न्हाय, म्या सोता लिवलंय." आणि मी काही म्हणायच्या आत ती वाचायला लागली. एकेक अक्षर लावत. "आज... आमचा... तळ... नदीच्या काठाला हाय. काल... आमच्या मेंढीला... कोकरू झालं. त्येचं नाव... टिकली ठिवलं. बिरू... म्हणतो... शाळंत जाऊन... आमची टिकली... कुठं हाय... ती बघायची." ती थांबली. श्वास घेतला. "आन् खाली सही केलीया. मंजुळा लक्ष्मण कोळेकर. म्याडमला सांगा, जोडाक्षर सोताच लिवलंय."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की सांगा हां," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी त्या कागदाकडं बघत बसलो. रडायला आलं नाही, आलं असतं तर कदाचित पुढची ओळ लिहिली गेली असती. जूनची यादी आठवली. बायकोनं सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलं होतं की ह्यांची बढती होणार, ते आठवलं. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त ह्याची भीती वाटली की उद्या केंद्रातल्या नऊ शाळांचे मास्तर चहा पिता पिता म्हणतील, काशीद स्वतःच्या हातानं लिहून देऊन बसला. पदापेक्षाही मला त्या हसण्याची भीती होती. मी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठलो.

दाराबाहेर शिपाई स्टुलावर बसला होता. "झालं काम, साहेब?"

"झालं," मी म्हणालो.

मॅडमनी त्याच दिवशी चार वाजता खुलासा पाठवला. त्याची प्रत पुढं माझ्याकडं आली. दोनच ओळी होत्या. 'खिंडवस्ती येथे विद्यार्थी नेण्याची तोंडी सूचना मी दिली होती. मुख्याध्यापक व शिक्षक यांचा यात दोष नाही.' खाली सही. कुणाकुणाला वाचवलं त्यांनी, त्यात मीही होतो. पण मला नंतर कळलं की माझ्यासाठी त्यांनी ते केलंच नव्हतं. त्या मदनेला एवढंच म्हणाल्या होत्या, "तू शिकवतोस चांगलं. तू राहा."

मूल्यमापनाच्या तक्त्यात 'नेतृत्व' ह्या रकान्यात शेरा आला: 'असमाधानकारक. अधिनस्त कर्मचाऱ्यांना गैरप्रकारास प्रवृत्त करतात.' त्यांना कुठल्याशा भांडार विभागात बसवलं. पंचावन्नाव्या वर्षी नोकरीच्या पुनर्विलोकनात तो शेरा निघाला आणि त्यांना घरी पाठवलं. त्या कुठं राहतात हे मला माहीत होतं. मी एकदाही गेलो नाही.

फिरती शाळा मे महिन्यात संपली. तिथं शिकवणाऱ्या बारा तरुणांना एकेक प्रशस्तिपत्र देऊन मोकळं केलं. दोन वर्षांनी पट कमी म्हणून खिंडवस्तीची शाळाही बंद झाली, मदनेची बदली झाली, आणि तिथली रजिस्टरं आणि कपाट माझ्या शाळेत आलं. कपाटात त्या तेरा पाट्या तशाच होत्या, मी रचल्या होत्या तशा. नावं पुसट झाली होती.

जूनची पदोन्नतीची यादी निघालीच नाही. कुणीतरी कोर्टात गेलं आणि ती स्थगित झाली. पुढं निघाली तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो आणि माझं नाव त्यात बसत नव्हतं.

माझ्या शेवटच्या वर्षात, एका सकाळी, ऑफिसच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. वीसेक वर्षांची असेल. कडेवर मूल, डोक्यावर पदर. तिला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता, जातीच्या दाखल्यासाठी लागत होता.

"नाव?"

"मंजुळा लक्ष्मण कोळेकर. खिंडवस्तीच्या शाळंत हुते."

मी रजिस्टर काढलं, पान शोधलं, दाखल्याचा कोरा नमुना घेतला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इयत्ता तिसरी. सगळं उतरवत गेलो. 'शाळा सोडण्याचे कारण' ह्या रकान्यापाशी आलो. रजिस्टरात माझ्याच अक्षरात एक नोंद होती. शाळा बंद करताना मीच केलेली. मी ती दाखल्यावर उतरवली.

"काय लिवलं, गुरुजी?" तिनं वाकून बघितलं. तिला ते वाचता येत नव्हतं हे मला दिसलं.

"सतत गैरहजर," मी वाचून दाखवलं.

तिनं कडेवरचं पोर सावरलं. मग रागानं नाही, चूक दुरुस्त करावी तसं म्हणाली, "म्या कुठं गैरहजर हुते, गुरुजी? म्या तळावरच हुते. दिवाळीनंतर वाट बघितली की रोज. शाळाच आली न्हाय."

मी दाखल्याचं रजिस्टर तिच्याकडं फिरवलं आणि पेन पुढं केलं. "इथं सही कर."

"सही येत हुती पयली," ती म्हणाली. "आता न्हाय येत."

मी शाईची डबी उघडली. तिनं डावा अंगठा बुडवला, जोरात दाबला आणि पदराला पुसला. मी ठशाशेजारी तिचं नाव लिहिलं, जोडाक्षरासकट, आणि खाली 'निशाणी डावा अंगठा' लिहून दाखला तिच्या हातात दिला. ती गेली.

खिंडवस्तीचं रजिस्टर मिटायच्या आधी मी तो रकाना पुन्हा एकदा वाचला. कारण बदलता आलं असतं, पेन हातातच होतं. पण मूळ नोंदीत खाडाखोड करायची असेल तर वरिष्ठांची परवानगी लागते. मी रजिस्टर कपाटात ठेवलं, त्या पाट्यांच्या वर, आणि कुलूप लावलं.